वीतभर खालची माती

मित्रांनो, मी एक जुनं गिरमिट आहे. सुताराच्या पेटीतलं नव्हे. ते लाकडाला भोक पाडतं, मी जमिनीत शिरून माती वर काढतो. खाली पिळाची दोन पाती, मध्ये कमरेइतका उंच दांडा आणि वर आडवी मूठ. दोन्ही हातांनी मूठ धरून फिरवली की मी गोल गोल आत उतरतो आणि वीतभर खालची माती पोटात घेऊन परत येतो. राहुरीजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत, खिडकीशेजारच्या खिळ्यावर माझं घर आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी भित्रा आहे. अंग स्टीलचं असलं म्हणून भीती वाटत नाही असं थोडंच असतं? घरातल्या अंधाऱ्या खोलीत दर वेळी तुम्हालाच पुढे पाठवलं तर तुम्हाला कसं वाटेल? माझं तर कामच ते. जमिनीत सगळ्यांच्या आधी मी जातो. तिथे काय दडलंय ते मला सगळ्यांच्या आधी भेटतं, आणि भेटलं तरी मला ते सांगता येत नाही. या न सांगता येण्याचीच भीती मला सगळ्यात जास्त वाटत आली आहे. का, ते ऐका.

माझा जन्म श्रीरामपूरच्या एका वर्कशॉपमधला. गोरक्ष नावाच्या टर्नरने मला लेथवर घडवलं. खूप ठिणग्या उडाल्या, वरून गार पाण्याची धार पडत होती, आणि मला वाटत होतं, आता आपण संपलो. मला बनवून घ्यायला मधुवंतीताई आल्या होत्या. त्या तेव्हा नुकत्याच कॉलेजात संशोधनाला लागल्या होत्या. गोरक्ष त्यांना म्हणाला, साध्या लोखंडाचं करू की, मातीच तर उकरायची आहे. तेव्हा ताईंनी त्याला समजावलं, की लोखंड गंजतं, गंज मातीत मिसळतो, आणि मग मोजणाऱ्या यंत्राला कळत नाही की यातलं शेतातलं काय आणि अवजाराचं काय.

"मातीतलं खरं शोधायचंय मला, दादा," त्या म्हणाल्या. "शोधणाराच खोटं बोलायला लागला तर कसं व्हायचं?"

गोरक्ष हसला. "मग जावयाच्या ताटासारखं लख्ख करून देतो," म्हणाला, आणि खरंच तसंच दिलं.

ताईंचं संशोधन होतं गाळावर. तुम्ही आंघोळ करता, भांडी घासता, कारखान्यात यंत्रं धुतली जातात. ते सगळं घाण पाणी मोठ्या टाक्यांमध्ये शुद्ध करतात. वर पाणी निवळतं आणि तळाला काळा चिखल बसतो. तो गाळ. पाणी स्वच्छ झालं की लोक खूश होतात, पण त्या गाळाचं पुढे काय झालं हे सहसा कुणी विचारत नाही. काही गाळ चांगला असतो, नीट कुजवला तर त्याचं खत होतं. काही गाळात मात्र शिसं आणि कॅडमियमसारखे विषारी धातू असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, नाकाला कळत नाहीत. असा गाळ शेतात गेला तर माती तो किती काळ धरून ठेवते आणि पिकात किती सोडते, हे ताई शोधत होत्या, आणि त्यासाठी त्यांना मी हवा होतो.

आमच्या शेजारची खोली विमानांची. तिथे विमानाच्या पंखावर जोराचा वारा सोडून त्याची परीक्षा घ्यायचं मोठं यंत्र होतं, त्याच्यावर निळं आच्छादन होतं. पाहुणे आले की आधी तिकडे जायचे, फोटो काढायचे आणि मग पाच मिनिटं आमच्याकडे डोकवायचे. एकदा एका पाहुण्यांनी मला उचलून विचारलं, हे काय, विहिरीत पडलेली बादली काढायला ठेवलंय का? सगळे हसले. ताई नाही हसल्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "विमान बिघडलं तर साऱ्या जगाला कळतं, सर. जमीन बिघडली तर ती कसणाऱ्यालासुद्धा कळत नाही." पाहुण्यांनी मला हळूच खिळ्यावर परत ठेवलं.

ते माझे कौतुकाचे दिवस होते. पारनेरच्या मुरमाड रानापासून मुळा नदीच्या काठच्या काळ्या जमिनीपर्यंत मी सगळीकडे हिंडलो. प्रत्येक शेतानंतर ताई मला तीन पाण्यांनी धुवायच्या आणि मऊ कापडाने पुसायच्या. ते कापड त्यांच्या लेकाचं, अनीशचं, जुनं दुपटं होतं. बाळाचे कान पुसावेत तसा त्या माझा एकेक पीळ पुसायच्या. एका शेताचा कण दुसऱ्या शेताच्या नमुन्यात जाऊ नये म्हणून ते करावं लागतं, हे मला ठाऊक होतं. तरी मला ते लाडच वाटायचे.

मग एक दिवस अजिनाथ आला.

श्रीरामपूरजवळच्या बेलापूरच्या पुढे त्याची वस्ती आहे. आई मनकर्णाबाई, बायको रेश्मा आणि तो, एवढंच घर. मेथी, पालक, कोथिंबीर करायची आणि श्रीरामपूरच्या बाजारात न्यायची. अजिनाथ पिशवीत मेथीची जुडी घेऊन आला होता. पानं कडेने पिवळी, मुळं आखूड आणि तपकिरी. तो सांगत होता, की मळी टाकल्यावर पहिल्या खेपेला रानाला अशी गर्द हिरवी काळोखी आली की येणारा-जाणारा थांबून बघायचा. दुसऱ्या खेपेला मात्र हे असं.

आमच्या भागात मळी सगळ्यांना माहीत. साखर कारखान्यात उसाचा रस गाळला की मागे काळं, भुसभुशीत, ओलसर असं जे उरतं ती मळी. शेताला ती चांगली. वाडवडलांपासून लोक ती रानात टाकत आलेत. अजिनाथच्या बांधावर एका ट्रॉलीवाल्याने तसाच काळा ढीग आणून ओतला आणि मळी आहे म्हणून सांगितलं. अजिनाथने मूठभर उचलून दाबून पाहिली. काळी होती, भुसभुशीत होती, थोडा आंबूस वास होता. कुठली, हे विचारायचं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. ज्या गावात माणूस मळी बघत बघतच मोठा होतो, तिथे तो कशाला विचारेल?

आम्ही वस्तीवर गेलो. ताईंनी रानात नागमोडी चालत जागोजागी मला उतरवलं. फार हलकी माती होती ती. एक खडा लागला नाही. मनकर्णाबाई बांधावर बसून सांगत होत्या, की त्यांच्या सासूने आणि त्यांनी मिळून सगळे खडे हाताने वेचलेत. "लगीन होऊन आले तवापासून माझी बोटं या रानात झिजली," त्या म्हणाल्या. सगळी माती ताईंनी घमेल्यात घेतली, एकत्र केली, कापडावर पसरली आणि तिचे चार भाग केले. समोरासमोरचे दोन भाग ठेवायचे, दोन टाकून द्यायचे. पुन्हा मिसळायचं, पुन्हा चार भाग. असं करत करत साऱ्या रानाची माती एका ओंजळीत येते. ती पिशवीत भरतात. टाकलेली माती तिथेच बांधाकडेला राहते.

रेश्मा चहा घेऊन आली. तिला सातवा महिना लागला होता. चहा देऊन झाल्यावर ती रेंगाळली. ताई पाठमोऱ्या होऊन मला धुत होत्या. रेश्माने टाकलेल्या ढिगातला एक ढेकूळ उचललं, अंगठ्याने कुरवाळलं आणि पटकन तोंडात टाकलं. डोळे मिटले तिने. तुम्ही आवडीची गोळी जिभेवर ठेवून गप्प बसता ना, अगदी तशी.

पोटात बाळ असलं की काही आयांना माती खावीशी वाटते. मी अनेक वस्त्यांवर पाहिलं होतं. मला गंमत वाटली. मी मनात म्हटलं, बघा, माझी माती कुणाला इतकी गोडही लागते.

प्रयोगशाळेत ती माती सावलीत वाळवली, कुटली, चाळली आणि आम्लात उकळून यंत्राला दिली. मी समोरच्या खिळ्यावर होतो. ताईंनी पडद्यावरचे आकडे पाहिले. मग दुसरा भाग उकळला आणि पुन्हा पाहिले. मग त्या स्टुलावर बसल्या.

"ही मळी नाहीच," त्या म्हणाल्या. खोलीत दुसरं कुणीच नव्हतं.

कुठल्यातरी धातूच्या कारखान्याचा गाळ होता तो. शिसं होतं, कॅडमियम होतं, आणि भाजीच्या रानात असू नये इतकं होतं. ताई विद्यार्थ्यांना शिकवताना मी ऐकलेलं होतं, की शिसं पोटात गेलं तर लगेच काही दिसत नाही. माणूस हसतो, जेवतो, कामाला जातो. शिसं गुपचूप रक्तात मिसळतं, हाडांत जाऊन बसतं. आणि आई पोटुशी असेल तर ते नाळेतून बाळापर्यंत जातं. बाळाचा मेंदू त्या वेळी घडत असतो.

मला ते ढेकूळ आठवलं. ते मिटलेले डोळे आठवले. स्टील तर नेहमीच गार असतं, पण त्या दिवशी मला माझाच गारवा सोसेना.

मित्रांनो, तुम्हाला भूत दिसलं तर तुम्ही ओरडाल, आईच्या कुशीत शिराल. मी काय करायचं? मला माहीत होतं आणि ताईंना माहीत नव्हतं. मी खिळ्यावर लटकत होतो आणि तिकडे वस्तीवर एक बाई माती खात होती.

एकदाच घेतलेल्या नमुन्यावर ताई विसंबत नसत. म्हणून आम्ही पुन्हा गेलो, आणि मला आशा वाटली की आज सगळं उघड होईल. ताईंनी आधी अजिनाथला आणि मनकर्णाबाईंना बसवून सांगितलं, की ही भाजी विकायची नाही, घरात खायची नाही, जनावरांना घालायची नाही. रेश्मा तेव्हा तपासणीला अंगणवाडीत गेली होती.

मनकर्णाबाईंना ते पटेना. काळीभोर मळी होती, सासऱ्याच्या काळापासून टाकतोय, असं त्या म्हणत राहिल्या. "आता शिकल्याली मानसं मातीलाबी दवाखान्यात न्यायला निघाली," असा टोमणाही त्यांनी मारला. अजिनाथने मात्र विचारलं, की मी बाजारात दिलेली भाजी कुणी कुणी खाल्ली असेल ओ ताई? ताईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने त्याच दिवशी सगळी मेथी उपटून टाकायचं कबूल केलं.

भाजीबद्दल सगळं बोलून झालं. मातीबद्दल कुणीच काही बोललं नाही. माती खाऊ नका, असं मोठ्या माणसांना सांगायचं कुणाला सुचेल?

ताईंनी नमुने भरले, मला धुतलं, पुसलं, गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पाळणाघरातून होता, अनीशला सणकून ताप भरला होता. ताईंनी नमुन्यांच्या पिशव्या गळ्यात अडकवल्या, स्कूटी सुरू केली आणि गेल्या. मी भिंतीशीच राहिलो.

स्कूटीचा आवाज रस्त्याला लागेपर्यंत मी ऐकत होतो. मग तोही ऐकू येईना.

अजिनाथने मला उचलून कुदळ, टिकाव आणि फवारणीच्या पंपाच्या शेजारी ठेवलं. मनकर्णाबाईंनी माझ्या मुठीवर ओलं फडकं वाळत घातलं. कोंबड्या माझ्या पायाशी चोची घासू लागल्या. इतकं दुर्लक्ष मला कधी सोसावं लागलं नव्हतं, पण खरं सांगतो, त्याचं मला काही वाटलं नाही. मला एकाच गोष्टीची धास्ती होती आणि ती दुसऱ्या दिवशी सकाळीच घडली.

रेश्मा आली. तिला आता खाली वाकवत नव्हतं. तिने फडकं बाजूला केलं, मला हातात घेऊन फिरवून पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं, की याने उभ्या उभ्या माती काढता येते. शिवाय वरची वाळकी नाही, खालची ओलसर, गार माती.

तिने मला उपटलेल्या मेथीच्या वाफ्यात उतरवलं. मी आत जाईना. म्हणजे मला जायचं नव्हतं. मी जड व्हायचा प्रयत्न केला, एखाद्या दगडाला अडकावं म्हणून चाचपलं. पण त्या रानात दगड कुठला? दोन पिढ्यांनी हाताने वेचलेलं रान. इतक्या जपणुकीच्या जमिनीत मी लोण्यात सुरी जावी तसा गेलो आणि पोट भरून वर आलो. तिने पिळातली माती बोटाने काढली आणि खाल्ली. मग पोटावरून हात फिरवत आतल्या बाळाशी काहीतरी पुटपुटली. ती इतकी आनंदात होती की मला बघवेना.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. भाजी तिने जिभेला लावली नाही. अजिनाथने सांगितलं होतं ना, भाजी खायची नाही. ती ऐकणारी मुलगी होती.

मित्रांनो, जे खरं शोधण्यासाठी मला घडवलं, त्याच पात्यांनी मी रोज तिला विष काढून देत होतो. सकाळी तिच्या पावलांचा आवाज आला की मला वाटायचं, आज तरी माझी मूठ निसटून पडू दे. पण गोरक्षने ती पक्की बसवली होती.

अनीशचा ताप उतरल्यावर ताई मला न्यायला आल्या. अंगणात अजिनाथ आणि मनकर्णाबाई होते. ताई हसतमुखाने म्हणाल्या, की विसराळू बाईचं अवजार सांभाळलंत, आणि मला उचलून तिथेच थबकल्या. माझ्या पिळांत ओली माती होती.

"हे कुणी वापरलं?" त्यांनी विचारलं.

अजिनाथ म्हणाला, "कुनी न्हाई ओ ताई. तुमच्या वस्तूला आमी कशाला हात लावू?"

"कोंबड्यांनी पिळलं आसंल," मनकर्णाबाई म्हणाल्या. "आमच्या कोंबड्या लई हुशार हायेत."

ताईंना हसू आलं नाही. मला पुसल्याशिवाय त्या कधीच ठेवत नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी ती माती दोन बोटांत चोळली, नाकाशी नेली. त्याच वाफ्यातली होती, आणि ताजी. मला बोलता येत नव्हतं, पण माझ्या अंगाला चिकटलेली ती चिमूटभर माती बोलत होती. मी जिवाच्या आकांताने तिला धरून राहिलो.

ताईंनी पुन्हा विचारलं, या वेळी हळू आवाजात, कुणाकडेही न बघता. तेव्हा दारातून रेश्मा म्हणाली, "मी घेतलं होतं, ताई."

"कशासाठी गं?"

ती चौकटीचं लाकूड नखाने कोरत राहिली. "खाली वाकवत नाही आता," म्हणाली. "म्हणून."

अजिनाथला काही कळलं नाही. ताईंनाही क्षणभर कळलं नाही. रेश्माने पदराने तोंड पुसलं आणि पदरावर काळसर रेघ उमटली. मनकर्णाबाईंना सगळ्यात आधी कळलं. त्या उठून तिच्यापाशी गेल्या.

"रानातली खाल्लीस? त्या वाफ्यातली?"

"तुम्हीच म्हणाला होतात ना, आत्या," रेश्मा म्हणाली. सासूला ती आत्या म्हणायची. "आपल्याच रानातली खा, दुसऱ्याची नको."

मनकर्णाबाई तिथेच उंबऱ्यावर बसल्या. थोड्या वेळापूर्वी कोंबड्यांची थट्टा करणारी ती बाई एवढीशी दिसायला लागली. मग हळूहळू त्यांनी सांगितलं. पहिल्या महिन्यांत पोरीच्या पोटात पाणी ठरत नव्हतं. फक्त मातीचा वास तिला बरा वाटायचा. दुसरी सासू ओरडली असती, पण यांनी स्वतः रानातली ढेकळं आणली, तव्यावर भाजली आणि तिच्या हातावर ठेवली. अजिनाथच्या वेळी त्यांनाही त्यांच्या सासूने अशीच दिली होती. आपल्या रानातली माती पोटात गेली की लेकरू रानाला धरून राहतं, असं ती सासू म्हणायची. पण पोर अजून खातेय हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"माझ्या हातानं दिली वं ताई," त्या म्हणाल्या. "मीबी खाल्ली हुती. मला कायबी झालं न्हाई. पन तवा रान चांगलं हुतं."

रेश्माने पोटावर हात ठेवला आणि विचारलं, "माझ्या बाळाला काय होईल?"

ताईंनी तिला खोटं सांगितलं नाही आणि घाबरवलंही नाही. त्या म्हणाल्या, की आत्ता निघू, रक्त तपासू, मग कळेल. अजिनाथने पिकअप काढली. गडबडीत मीही आत आलो आणि रेश्माच्या पायाशी आडवा पडून राहिलो. वाटेत ताईंनी तिचा हात धरला होता. अनीशच्या वेळी आपण पाटीवरच्या पेन्सिली खायचो, नवऱ्यापासून पर्समध्ये लपवून ठेवायचो, असं त्या तिला सांगत होत्या. रेश्मा थोडी हसली. मग तिची नजर माझ्याकडे गेली. पिळात अजून माती होती. तिने पाय मागे घेतले, आणि तिच्या तोंडाला पाणीही सुटलं. भीती आणि ओढ दोन्ही एकदम. तिने मान फिरवून खिडकीबाहेर पाहिलं आणि दवाखाना येईपर्यंत परत वळून पाहिलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते मला नंतर ताईंच्या बोलण्यातून कळलं. रेश्माचं रक्त कमी होतं. शरीरात लोह कमी पडलं की अशी मातीची ओढ लागू शकते, त्यात लाजण्यासारखं काही नाही, तेव्हाच सांगायचं असतं. आणि रक्तात शिसं होतं. भ्यालो होतो तितकं नव्हतं, पण नको तितकं होतं. माती त्या क्षणापासून बंद. लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्या सुरू. बाळापर्यंत किती पोचलं हे कुणालाच सांगता येणार नव्हतं.

पुढचे दिवस मी खिळ्यावर काढले. अजिनाथचा फोन आला की ताई स्पीकर लावायच्या, कारण त्यांचे हात कामात असायचे. त्यामुळे मलाही ऐकू यायचं. मनकर्णाबाई सुनेच्या पदराला खोबऱ्याचे तुकडे आणि गूळ-फुटाणे बांधून ठेवत होत्या. ओढ लागली की चघळायला. रेश्मा एकदा वाफ्यापर्यंत गेली, तिथे उभी राहून रडली आणि तशीच परत आली.

प्रत्येक फोनला मला वाटायचं, आता काही वाईट ऐकायला येणार.

मग मुलगी झाली. वजन थोडं कमी, पण रडणं खणखणीत. नाळेतलं रक्त तपासायला दिलं होतं. त्यात शिसं निघालं, थोडं. ताईंनी डॉक्टरीणबाईंना विचारलं, थोडं म्हणजे काय समजायचं? त्या म्हणाल्या, पुन्हा पुन्हा रक्त तपासायचं. ती बोलायला कधी लागते, ऐकते कशी, शिकते कशी, सगळ्यावर लक्ष ठेवायचं. वाढताना कळेल. आज कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

वाढताना कळेल. ही भीती फार लांबची असते, मित्रांनो. ती ओरडून संपत नाही.

तो ट्रॉलीवाला पुन्हा त्या वस्तीवर आला नाही. ताईंनी आणि अजिनाथने तक्रार केली, शोधाशोध झाली, पण ट्रॉलीला नंबरच नव्हता. एवढा गाळ त्याने दुसरीकडे कुठेतरी नेला असणारच. कुणाच्या तरी बांधावर असाच काळा ढीग पडला असेल आणि कुणीतरी मूठभर दाबून म्हणालं असेल, मळीच आहे.

आता मी म्हातारा झालो आहे. प्रयोगशाळेत बॅटरीवर चालणारं नवं गिरमिट आलंय. पाहुणे आले की त्याला चालवून दाखवतात. मला कुणी उचलत नाही. फक्त अजिनाथच्या वस्तीवर जाताना ताई मला घेतात, कारण त्या मातीसाठी मी वेगळा राखलेला आहे. त्या वाफ्यांत आता झेंडू लावतात. पोटात जाईल असं काहीच नाही. ताई दर खेपेला मला उतरवतात, माती नेतात, मोजतात. आकडे अगदी सावकाश बदलतात. ही माती बरी व्हायला किती वर्षं लागतील, असं मनकर्णाबाई दर वेळी विचारतात. आता त्या शिकलेल्या माणसांना टोमणे मारत नाहीत. मला तर वाटतं, मारले असते तर बरं झालं असतं.

परवाच आम्ही गेलो होतो. ती मुलगी, तिचं नाव सृष्टी, आता रांगते. अंगणभर रांगते आणि जे दिसेल ते तोंडात घालते. मनकर्णाबाईंनी जुन्या लुगड्याची मऊ पट्टी तिच्या कमरेला सैलशी बांधली आहे, आणि तिचं दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला. काम करताना लेकरू खाटेच्या पायाला बांधून ठेवायची आपल्याकडे रीतच आहे, पण हे तसं नव्हतं. त्या काही कामच करत नव्हत्या. फक्त तिच्याकडे बघत बसल्या होत्या.

ताईंनी मला वर काढलं. माझ्या पिळात ओली, काळी, चकचकीत माती. सृष्टीने ती पाहिली आणि खुदकन हसली. हात पुढे करून ती माझ्याकडे भराभर रांगत आली. पट्टी ताणली गेली. तिने आणखी जोर लावला. मनकर्णाबाईंनी मनगट छातीशी घट्ट धरलं, डोळे मिटले आणि तिला हळूहळू मागे ओढून घेतलं. पोर मातीसाठी रडत राहिली.

मित्रांनो, ज्या बाईची बोटं या रानातले खडे वेचताना झिजली, तिला आपल्या नातीला त्याच मातीपासून बांधून ठेवावं लागतं. ही वेळ आणखी कुणावर येऊ देऊ नका. तुमच्या शेतात, शाळेच्या बागेत, अंगणातल्या कुंडीत कुणी काही आणून टाकत असेल तर लाज न बाळगता विचारा, हे कुठून आलं, यात काय आहे? उत्तर मिळालं नाही तर टाकू देऊ नका. आणि घरात कुणाला माती खावीशी वाटत असेल तर तिला हसू नका, तिला डॉक्टरकडे न्या. मी जमिनीत जाऊन काही नवं तयार करत नाही. तुम्ही जे आत टाकलेलं असतं, तेवढंच वर आणतो.

पुढच्या खेपेला ताई मला पुन्हा त्या वाफ्यात उतरवतील. मी भीतभीतच जाईन. पण जाईन. कधीतरी एकदा मला तिथून अशी माती वर आणायची आहे, की ती पाहून मनकर्णाबाई आपल्या मनगटाची गाठ सोडतील.